पोटाला उशी बांधलेली माणसं

आधी कपड्यांचं बघू. पँट काढून ठेवा. इ.स.पू. 380 मध्ये अथेन्सच्या रस्त्यावर दोन पायांचं शिवलेलं वस्त्र घालून उतरलात तर लोक तुम्हाला इराणी समजतील, आणि इराण्यांविषयी या गावाच्या आठवणी चांगल्या नाहीत. लोकरीचं मोठं आयताकृती कापड घ्या. एक टोक डाव्या खांद्यावरून पुढे सोडायचं, उरलेलं पाठीवरून उजव्या काखेखालून काढून पुन्हा डाव्या खांद्यावर टाकायचं. चालताना ते सुटेल. इथल्या लोकांचंही सुटतं, त्यांना ते सावरायची सवय आहे एवढंच.

380 हा आकडा कुणाला विचारू नका. इथे वर्ष त्या वर्षीच्या मुख्य अधिकाऱ्याच्या नावाने ओळखतात. महिना एलाफेबोलिऑन, म्हणजे आपला मार्च-एप्रिल. समुद्र शांत झालाय, जहाजं पुन्हा निघालीत, आणि त्यांच्याबरोबर परगावचे लोक डायोनिसस देवाच्या नाट्योत्सवाला आलेत. त्या गर्दीत तुमची विचित्र बोली खपून जाईल. वाचणाऱ्या बाई असतील तर एक अडचण आहे: बायकांना नाटकाला बसू देत होते की नाही यावर विद्वान पिढ्यान्‌पिढ्या भांडतायत. आपण वरच्या रांगेत कडेला बसू. कापड डोक्यावरून घ्या.

तुम्ही वायव्येच्या डिपिलॉन वेशीतून आत येता. वेशीबाहेर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना थडगी आहेत. त्याच रस्त्याने पुढे गेलं की प्लेटोची अकादमी, सुरू होऊन थोडीच वर्षं झालीत. वेशीच्या आत आलात की वास बदलतो. ओली माती, काटक्यांचा धूर, एरिडानोस ओढ्याचा कुबट दर्प. हा केरामेइकोस, अथेन्सचा कुंभारवाडा. मडकी, दिवे, कौलं, तेलाच्या कुप्या, सगळं इथलं. उद्या आपल्याला याच गल्लीत यायचं आहे. आज घाई करा, कारण नाटक उजाडताच सुरू होतं.

अ‍ॅक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावर हजारो माणसं लाकडी बाकांवर बसलीत. तुम्ही चित्रांत पाहिलेलं दगडी नाट्यगृह अजून झालेलं नाही, ते लायकर्गसच्या कारभारात, आणखी चार-पाच दशकांनी होईल. तिकीट दोन ओबोल, म्हणजे कसबी कामगाराच्या दिवसाच्या कमाईचा साधारण तिसरा हिस्सा. डुकराची पिलं बळी देऊन जागा शुद्ध केली आहे. बसायला उशी आणली असती तर बरं झालं असतं, पण ते आता राहू द्या. शेजारचा माणूस सुकामेवा काढतो आणि तुमच्यापुढे धरतो. घ्या. नट वाईट काम करायला लागले की प्रेक्षक जास्त खातात, असं पुढे अ‍ॅरिस्टॉटल लिहून ठेवणार आहे. सध्या तो उत्तरेला स्टॅगिरा गावात चार वर्षांचा आहे.

दिवस विनोदी नाटकांचा आहे. एकामागून एक पाच.

तो पहिला नट आला बघा. लोक त्याने तोंड उघडायच्या आधीच हसायला लागलेत, आणि का ते तुम्हालाही कळतं. पोट इतकं पुढे आलंय की त्याला स्वतःचे पाय दिसत नसतील. ढुंगणही तेवढंच मागे. वर एक आखूड अंगरखा, इतका आखूड की खाली लोंबणारं चामड्याचं लिंग झाकलं जात नाही. ते झाकायचं नसतंच. तोंडावर तागाच्या कापडाला खळ लावून घट्ट केलेला मुखवटा: नाक चपटं, भुवया वर चढलेल्या, तोंड कानापर्यंत फाकलेलं. हा गुलाम आहे. त्याने मालकाचे पैसे उडवलेत. मालक काठी घेऊन मागे धावतोय आणि गुलाम धावत जाऊन वेदीवर बसतो. झालं. वेदीवर बसलेल्याला देवाचा आसरा असतो, त्याला ओढून काढणं पाप. गुलाम एक पाय दुसऱ्यावर टाकतो, हनुवटी हातावर टेकतो आणि मालकाकडे असा बघतो की जणू दुपारच्या जेवणाचं काय ते विचारतोय.

तुम्हाला शब्द कळत नाहीत. हरकत नाही, पण कळत असते तर मी तुम्हाला हात जोडून वही काढायला सांगितलं असतं. कारण हे नाटक हरवणार आहे. पुढचंही, आणि त्याच्या पुढचंही. अ‍ॅरिस्टोफेनिसचं आपल्यापर्यंत पोचलेलं शेवटचं नाटक इ.स.पू. 388 चं. त्यानंतर संपूर्ण म्हणावं असं हाती लागतं ते मेनँडरचं, इ.स.पू. 316 चं, आणि तेही इजिप्तच्या पपायरसवरून थेट 1958 साली छापलं गेलं. मधली सत्तर-बहात्तर वर्षं म्हणजे एक मोठं भोक. त्या काळात नाटकं कमी झाली असं मुळीच नाही. सहाशे वर्षांनी अथिनायोस नावाच्या लेखकाच्या ग्रंथात एक जण जेवणाच्या पंगतीत फुशारकी मारतो, की या काळातली आठशेहून जास्त विनोदी नाटकं मी वाचली आहेत. आपल्याकडे त्यातलं एकही पूर्ण नाही. उरल्या त्या फुटकळ ओळी, आणि त्यातल्याही पुष्कळ मासे कसे शिजवावेत याबद्दल, कारण त्या जपून ठेवणाऱ्या अथिनायोसला जेवणाच्या गप्पांत रस होता.

नाटक पुढे सरकतं. हेराक्लीस येतो. शोकांतिकेतला तो दुःखी महावीर इथे नाही, इथे हावरट, खादाड, सिंहाचं कातडं डोक्यावर ओढलेला ढेरपोट्या. मग एक म्हातारी दाई, हातात गुंडाळलेलं मूल. दाईच्या मुखवट्याला सुरकुत्या आणि पदराखाली पुरुषाचे दणकट घोटे. सगळे स्त्रीपार्ट पुरुषच करतात. एक तरुण बाई तोंडावरून वस्त्र ओढून उभी आहे, तिचं काहीतरी बिनसलंय. शेवटी एक जण रडत डोळे पुसतो आणि त्या रडण्यावर सगळा उतार गडगडून हसतो.

तुमच्या दोन रांगा खाली एक माणूस मात्र हसत नाहीये. त्याची नजर नटाच्या हातावर आहे. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये त्याने मेणाचा गोळा धरलाय आणि बघता बघता तो दाबतोय, चिमटा काढतोय, पुन्हा सपाट करतोय. गुलाम वेदीवर बसला तेव्हा त्याची बोटं थांबली होती. ओळखून ठेवा. उद्या त्याच्याकडेच जायचं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही त्याच्या दारात उभे राहता तेव्हा तो वर न बघताच म्हणतो, "पाहुण्या, उजेडातून बाजूला हो."

तुम्ही सरकता. डोळे सरावले की खोली दिसायला लागते. कोपऱ्यात मळलेली माती ओल्या फडक्याखाली. फळीवर साचे ओळीने लावलेले, जुने भाजलेले, कडा झिजलेल्या. जमिनीवर फुटके हात, मुंडकी, पोटं. दोन पोरं काम करतायत. त्यातलं एक गुलाम असावं, पण नक्की कोणतं ते त्यांच्या कामावरून सांगता येत नाही. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात गेलेला माणूस इथे गोंधळणार नाही: तीच फळ्यांवरची अर्धवट गर्दी, रंगायचे राहिलेले डोळे, आणि सणाच्या आधीची तीच घाई.

म्हातारा कालचं मेण पुढे ठेवतो. त्यावरून त्याने रात्री मातीची मूळ बाहुली केली आहे. वेदीवरचा गुलाम. टाचेपासून डोक्यापर्यंत जेमतेम तुमच्या तळहाताएवढा. पाय एकमेकांवर, हनुवटी हातावर, ती नजर. काल हजारो लोकांनी हे पाहिलं, पण मातीत आणला याने एकट्याने.

आता नीट बघा, कारण पुढचं सगळं या एका बाहुलीवर चालतं. तो मऊ मातीचा थर तिच्या पुढच्या अंगावर दाबून बसवतो, अलगद, प्रत्येक खाचेत. थोडं सुकलं की सोडवतो. हा झाला साचा, उलटा, पोकळ. तो भट्टीत भाजला की पक्का. मूळ बाहुली फुटली तरी चालेल, साचा म्हणजे भांडवल. दुसरा एक तयार साचा तो पोराकडे सरकवतो. पोरगं आधी मातीचा पातळ पापुद्रा आत दाबतं, नाक, भुवया, ओठ नीट उठावेत म्हणून. मग जाड थर. मग वाट बघायची. माती सुकताना आक्रसते आणि आपणच साच्याची कड सोडते. ही वाट बघणं हेच कौशल्य आहे असं मला वाटतं. घाई केली तर नाक साच्यात राहतं, उशीर केला तर तडा जातो.

पाठीमागची बाजू साच्यातून येत नाही. तिथे मातीची एक सपाट चकती, हाताने वळवून, पातळ चिखलाने चिकटवलेली. नाटकाला लोक समोरून बसतात, फळीवर ठेवलेली बाहुलीही समोरूनच दिसते, मग पाठीवर मेहनत कशाला? काठी, टोपली, मूल असे सुटे भाग वेगळे करून जोडायचे. आत पोकळी ठेवायची आणि हवा-वाफ बाहेर जायला तळ उघडा ठेवायचा किंवा पाठीला भोक पाडायचं, नाहीतर भट्टीत बाहुली फुटते आणि शेजारच्या दहा घेऊन जाते. बाहुली उलटी करून आत बोट घाला. तुमचं बोट जिथे टेकतं तिथे त्या पोराच्या अंगठ्याचे ठसे आहेत. असे ठसे आजही संग्रहालयांतल्या बाहुल्यांच्या पोटात सापडतात.

मग बाहुली पातळ पांढऱ्या मातीत बुडवतात. सुकवून भट्टीत, आठशे-नऊशे अंश सेल्सियसपर्यंत. रंग नंतर, थंड झाल्यावर. पुरुषाच्या तोंडाला तांबूस गेरू, बाईच्या तोंडाला पांढरा, अंगरख्याला पिवळा, कडेला इजिप्तचा निळा, भुवयांना काजळी. भाजलेल्यावर लावलेला रंग मातीत मुरत नाही, वरच बसतो, म्हणून टिकत नाही. संग्रहालयात तुम्ही बघाल ती फिकट तपकिरी बाहुली म्हणजे रंग उडाल्यानंतरची. इथल्या फळीवर सगळं झगझगीत आहे. खरं सांगायचं तर जरा भडकच.

तुम्ही एक बाहुली उचलता आणि तिच्या मनगटावर बोट फिरवता. तिथे बारीक वळ्या आहेत. घोट्यावरही. मातीचा दोष वाटतो. तुम्ही खुणेने विचारता.

म्हातारा पहिल्यांदा हसतो. स्वतःच्या दंडावरची कातडी ओढून दाखवतो: ती सुटली की परत बसते, वळी पडत नाही. मग नटाच्या बाहीची खूण करतो. ते अंगाला घट्ट बसणारं कापड आहे. नट आतून एक अखंड कातडीसारखा पोशाख घालतो, उशी त्याच्या आत कोंबतो, वरून अंगरखा. मनगटाला आणि घोट्याला त्या कापडाच्या चुण्या पडतात. त्या त्याने मातीत आणल्यात. म्हणतो, "लोक म्हणतात मी गुलाम करतो. मी गुलाम करत नाही. गुलामाचं सोंग घेतलेला नट करतो."

त्या खोलीत मिळालेलं हे वाक्य मला सर्वांत मोलाचं वाटतं. या शहरातले रंगारी भांड्यांवर शोकांतिका रंगवतात तेव्हा साधारणपणे नट नाहीसा होतो. ओरेस्टिस खराखुरा ओरेस्टिस होतो, मुखवटा, पोशाख, सगळं विरून जातं, उरते ती पुराणातली घटना. विनोदी नाटकाच्या बाहुल्यांत उलटं घडतं. मुखवट्याचं फाकलेलं तोंड तसंच दिसतं. पोट हे पोट नसून उशी आहे हे लपवलेलं नाही. लिंग चामड्याचं आहे आणि ते चामड्याचंच दिसतं. सोंग म्हणजे सोंग. या मातीच्या माणसांना आपण पात्रं म्हणतो ते चूक आहे, ते रंगमंचावर उभे असलेले कलाकार आहेत. आणि खरे मुखवटे कापडाचे आणि खळीचे असल्यामुळे एकही उरलेला नसताना, नट दिसत कसा होता याचा सर्वांत थेट पुरावा या स्वस्त बाहुल्यांच्याच अंगावर उरला आहे.

स्वस्त हा शब्द मी जपून वापरला, पण शहरातल्या मोठ्या माणसांनी तो जपून वापरला नाही. याच वर्षाच्या सुमाराला आयसॉक्रेटिस आपलं गाजलेलं ग्रीक एकीचं भाषण पुरं करतोय, दहा वर्षं त्याच्यावर खपला म्हणतात. आणखी सत्तावीस वर्षांनी, ऐंशी ओलांडल्यावर, स्वतःच्या बचावासाठी लिहिताना तो तक्रार करेल: माझ्यासारख्याला साध्या कज्ज्यांची भाषणं लिहिणारा म्हणणं म्हणजे अथीनेची मूर्ती घडवणाऱ्या फिडिअसला बाहुल्या करणारा म्हणण्यासारखं आहे. म्हणजे शिवी कोणती, तर आपल्या म्हाताऱ्याचा धंदा. आणि डिमॉस्थेनिस, जो आत्ता चार वर्षांचा आहे, तो इ.स.पू. 351 मध्ये मॅसिडोनियाच्या फिलिपविरुद्ध बोलताना अथेन्सकरांना सुनावेल की तुम्ही सेनाधिकारी निवडता ते मातीच्या बाहुल्या करणाऱ्यांसारखे, बाजारात मांडायला, लढायला नव्हे. दोघांचीही भाषणं टिकली, आजही वाचली जातात. पण अथेन्सच्या रंगमंचावरचा हशा कसा दिसायचा हे बघायचं असेल तर दोघांचा काही उपयोग नाही, शिवी खाल्लेल्या माणसाकडेच यावं लागतं.

फळीवर सात बाहुल्या वेगळ्या ठेवल्या आहेत. हेराक्लीस आहे, दाई आहे, तोंड झाकलेली तरुणी आहे. म्हातारा त्यांना सुटं विकायला नाखूश दिसतो. कालच्यासारख्याच एखाद्या नाटकाचा तो जणू सेट आहे.

पण एकदा का बाहुली दुकानाबाहेर पडली की तिच्यावर त्याचा ताबा राहत नाही. एखादा परगावचा कारागीर ती विकत घेतो, तिच्यावरूनच नवा साचा काढतो. माती सुकताना आणि भाजताना साधारण दहावा हिस्सा आक्रसते, म्हणून त्याची बाहुली मूळपेक्षा लहान होते. त्याच्या बाहुलीवरून तिसरा माणूस साचा काढतो, ती आणखी लहान, नाक आणखी बोथट. तीन पिढ्यांत उंची चौथ्या हिश्श्याहून जास्त घटते. आजचे अभ्यासक नेमकी हीच उंची मोजून कोणती आधीची, कोणती नंतरची, कोणती अथेन्सची आणि कोणती नक्कल हे ठरवतात. तुम्हाला ही चोरी वाटेल. मला तो लोकप्रियतेचा आलेख वाटतो. अथेन्सच्या या नटांच्या नकला काळ्या समुद्राच्या काठापासून पार स्पेनच्या किनाऱ्यापर्यंत सापडल्या आहेत. जिथे अथेन्सचं नाटक कधी पोचलं नसेल तिथेही त्याचा ढेरपोट्या गुलाम पोचला.

उत्तरेच्या ऑलिन्थस गावातही अशा बाहुल्या होत्या, घराघरांत. डिमॉस्थेनिस ज्याच्याविरुद्ध घसा फोडत होता त्या फिलिपने इ.स.पू. 348 मध्ये ते गाव उद्ध्वस्त केलं. 1928 ते 1938 या काळात अमेरिकन उत्खननकारांनी तिथली घरं उघडली, तेव्हा सामानात मातीच्या बाहुल्या निघाल्या, विनोदी नटांच्याही. गाव संपल्याची तारीख माहीत असल्यामुळे त्या बाहुल्या त्याआधीच्या हे निश्चित झालं. विध्वंसाचा असा उपयोग होतो हे लिहायला बरं वाटत नाही, पण पुरातत्त्वाचं निम्मं कालमापन अशाच राखेवर उभं आहे.

आता वेशीबाहेर चला. काही वर्षं पुढे सरकू, फार नाही.

थडगं साधं आहे. मेलेला माणूस कोण ते मी सांगणार नाही. जवळचे लोक तेलाची कुपी ठेवतात, आणि मग कापडात गुंडाळलेलं काहीतरी काढतात. सात. मग आणखी सात. चौदा मातीचे नट ते शरीराजवळ ठेवतात. इथे तुम्हाला प्रश्न पडेल की मेलेल्याबरोबर विनोदी नट कशाला? कुणी म्हणतं डायोनिसस हा मरणापलीकडच्या आनंदाचाही देव, म्हणून त्याच्या उत्सवातली माणसं सोबतीला. कुणी म्हणतं मेलेला माणूस नाटकवेडा असेल, कदाचित नाटकाचा खर्च उचलणाऱ्या श्रीमंतांपैकी एक. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे. देवासाठी ठेवायच्या तर एक-दोन पुरल्या असत्या. चौदा जमवतो तो शौकीन.

माती पडते.

यानंतरचा टप्पा मी झटकन ओलांडतो, कारण त्याची गंमत वेगळी आहे. सिसिलीच्या उत्तरेला लिपारी नावाचं ज्वालामुखीचं बेट आहे. साल इ.स.पू. 252. पहिल्या प्यूनिक युद्धात रोमन सैन्य बेट जिंकतं आणि गाव मोडतं. पण त्याआधीच्या दीडशे वर्षांत तिथल्या लोकांनी आपल्या मयतांबरोबर मातीचे छोटे मुखवटे पुरलेत, शेकड्यांनी. सोफोक्लिस-युरिपिडिसच्या शोकांतिकांचे, आणि नंतरच्या काळातले मेनँडरच्या नाटकांचे. इथे तुम्ही आमच्या म्हाताऱ्याची बाहुली शोधाल तर ती भेटणार नाही. उशी गेली. चामडं गेलं. अंगरखा लांब झाला. हशा पोटातून निघून चेहऱ्यावर आला: खाष्ट बाप, भित्रा बाप, प्रेमात पडलेला पोरगा, लबाड स्वयंपाकी, चांगल्या मनाची वेश्या. एक भुवई वर आणि एक खाली असलेला म्हातारा बाप तर फारच धूर्त युक्ती आहे. नटाने नुसती मान फिरवली की एका बाजूने तो रागावलेला दिसतो, दुसऱ्या बाजूने शांत.

या मुखवट्यांची यादी पोलक्स नावाच्या कोशकाराने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात केली होती. 9 म्हातारे, 11 तरुण, 7 गुलाम, 17 बायका, एकूण 44. यादी होती, चेहरे नव्हते. 1950 च्या आसपासपासून लुईजी बेर्नाबो ब्रेआ आणि मादलेन काव्हालिए यांनी लिपारीची थडगी खणली. ब्रेआ यांनी तिथले मुखवटे पोलक्सच्या वर्णनांशी एकेक करून जुळवले आणि 1981 साली त्यावर मोठा ग्रंथ काढला. काही जोड्या ओढूनताणून जुळवल्यासारख्या वाटतात, तसा आक्षेपही घेतला गेला. तरी 252 ची ती काळी तारीख पक्की असल्यामुळे हे चेहरे मेनँडरच्या काळाला लागून असलेले आहेत, एवढं कुणी नाकारत नाही. बेटावरच्या संग्रहालयाला आता ब्रेआंचं नाव आहे.

आणि ते चौदा? 1913 साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने ते विकत घेतले. अथेन्समधल्या एकाच थडग्यात सापडले, असं त्यांच्याबरोबर सांगितलं गेलं. थडगं कुठलं, आणखी काय होतं, बाहुल्या कोणत्या क्रमाने ठेवल्या होत्या, यातलं काहीच त्यांच्यासोबत आलं नाही. त्या वेळचा व्यापार असाच चालायचा: वस्तू जपायच्या, जागा पुसून टाकायची. मला याचा राग येतो. शास्त्रीय उत्खननात ते चौदा एकत्र निघाले असते तर त्यांच्यावर झालेल्या निम्म्या वादांची गरज पडली नसती. हेराक्लीस, दाई, मूल, तोंड झाकलेली तरुणी एकत्र बघून टी. बी. एल. वेब्स्टर यांच्यासारख्या अभ्यासकाला हेराक्लीसने नासवलेल्या ऑगे या राजकन्येच्या गोष्टीचं विडंबन सुचलं. या विषयावर विनोदी नाटकं लिहिली गेली होती. तर्क मोहक आहे. पण तीच तरुणी दुसऱ्या कुठल्याही नाटकात चालेल, दाईही. म्हाताऱ्याने साचे केले ते परत परत वापरायला, आणि विनोदी नाटकानेही आपली माणसं परत परतच वापरली. मला स्वतःला नाटकाचं नाव शोधण्यात तेवढा रस नाही. वेदीवरचा गुलाम कसा बसला होता हे मातीने सांगितलं, ते आठशे नाटकं वाचलेल्या माणसाने सांगितलं नाही.

लोकरीचं कापड आता परत करा आणि आपल्या शतकात या. न्यूयॉर्कला गेलात किंवा लंडन, पॅरिस, अथेन्स, लिपारी यांपैकी कुठल्या संग्रहालयात पाय पडला, तर मोठ्या संगमरवरी देवांकडे जाताना बाजूच्या काचेच्या कपाटाशी जरा थांबा. तिथे बोटभर उंचीचे काही ढेरपोटे उभे असतील. पाटीवर बहुधा फक्त विनोदी नट, भाजलेली माती, इ.स.पू. चौथं शतक एवढंच लिहिलेलं असेल. पाटी सोडा आणि त्यांची मनगटं बघा. प्रकाश बाजूने पडत असेल तर चुण्या दिसतात.